‘बॅटल ब्रदर्स’ : आधी मुकादम व्हा, सेनापती नंतर

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत निपाणीहून भाचा आला तो लॅपटॉप बगलेत मारूनच. पायताण काढायच्या आधी त्यानं दारातूनच बातमी दिली, "मामा, सगळे गेले की!" आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. कोण गेले, कुठं गेले, कसे गेले? मग उलगडा झाला. गेले ते ‘बॅटल ब्रदर्स’ या गेममधले सहा भाडोत्री सैनिक, आणि तेही खेळातल्या सहाव्या दिवशी. त्यातल्या एकाला त्यानं माझं नाव दिलं होतं. मी एका दरोडेखोराच्या कुऱ्हाडीनं मेलो. डोक्यावर टोप नव्हता.

"टोप का घातला नाहीस मला?"

"पैसे नव्हते. तलवार घेतली होती ना भारीतली."

हा गेम नव्यानं खेळणाऱ्या बहुतेकांची गत अशीच होते, माझीही झाली होती. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर जॉबकार्ड आणि हजेरीपट भरून घरी येऊन मी हा खेळ खेळायला लागलो आणि पहिल्या चार टोळ्या दोन आठवड्यांच्या आत मातीत घातल्या. पाचवी टिकली. तोवर नेमकं काय चुकत होतं ते कळलं होतं, म्हणून हा लेख.

‘बॅटल ब्रदर्स’ हा जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या ओव्हरहाइप स्टुडिओज या छोट्या कंपनीचा गेम. पूर्ण रूपात तो २०१७ च्या मार्चमध्ये आला, आणि पुढं त्यात राक्षसी जनावरं, उत्तरेकडचे रानटी योद्धे, दक्षिणेचं वाळवंट अशी भर पडत गेली. मध्ययुगीन युरोपसारखा एक काल्पनिक मुलूख आहे. तुम्ही एका भाडोत्री टोळीचे म्होरके. गावोगाव फिरायचं, कामं घ्यायची, लढायचं, पैसे घ्यायचे, माणसांना रोजचा पगार आणि जेवण द्यायचं. लढाई आळीपाळीनं होते, बुद्धिबळासारखी. घाई कसलीच नाही, डोकं खाजवायला हवा तेवढा वेळ. पडद्यावरची माणसं कमरेपर्यंतचीच, खाली लाकडी बैठक असलेल्या पुतळ्यांसारखी. "यांना पाय का नाहीत?" हा भाच्याचा पहिला प्रश्न होता. सवय झाली की पाय आठवतसुद्धा नाहीत. शिवाय साध्या लॅपटॉपवरही हा गेम निवांत चालतो, त्याला महागडं ग्राफिक कार्ड लागत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मेलेला माणूस परत येत नाही. वीस दिवस वाढवलेला, तीनदा जखमी होऊन वाचलेला गडी एका वाईट फेरीत जातो तो कायमचा. म्हणून सुरुवातीला एक सांगतो. गेम चालू करताना ‘आयर्नमॅन’ नावाचा पर्याय दिसतो. त्यात मागचं सेव्ह उघडून चूक पुसता येत नाही. पहिल्या वेळी तो घेऊ नका. मर्दुमकी नंतर दाखवता येईल. लढाईची काठिण्यपातळी आणि पैशांची काठिण्यपातळी वेगवेगळी निवडता येते, त्या दोन्हीही खालच्याच ठेवा.

मुकादमाचं गणित

आमच्या बहिणीच्या सासरी ऊस आहे. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर त्यांच्याकडं तोडणीच्या टोळीचा मुकादम येऊन बसतो. चहा घेतो, पानाला चुना लावतो आणि बोलणी करतो. किती कोयते आणणार (नवरा-बायको मिळून एक कोयता), उचल किती, वाहतूक कुणाची, फड किती लांब. तो माणूस कोयता हातात फारसा धरत नाही, पण टोळी जगते ती त्याच्या बोलण्यावर. ‘बॅटल ब्रदर्स’मध्ये तुमची जागा त्याची आहे. तलवार चालवणारे बारा जण वेगळे. तुम्ही हिशेब चालवायचा.

गेममध्ये काम घेताना ही बोलणी खरोखरच होतात. गावचा मुखिया म्हणतो, अमुक वस्ती दरोडेखोरांनी वेढलीय, इतके क्राऊन (गेममधलं नाणं) देतो. नवखा माणूस लगेच हो म्हणतो. म्हणू नका. जास्त मागा. एकदा, जमलं तर दोनदा मागा. फार ताणलं तर समोरचा चिडतो, पण पहिला आकडा मान्य करणं म्हणजे चालून आलेलं सोडणं. पैसे कसे घ्यायचे तेही ठरवता येतं. काही भाग आगाऊ, म्हणजे आपल्या भाषेत उचल, किंवा मारलेल्या प्रत्येक शत्रूमागं ठरावीक, किंवा सगळे पैसे काम झाल्यावर. तिजोरी रिकामी असताना उचल सोन्यासारखी असते, कारण त्या पैशांत निघायच्या आधी दोन टोप आणि एक ढाल येते.

कामाच्या पत्रकावर कवट्या असतात, एक ते तीन. एक कवटी म्हणजे सोपं काम. पहिले दोन आठवडे एकीच्या पुढं जाऊ नका. भाचा सहाव्या दिवशी दोन कवट्यांच्या कामाला गेला होता, कारण पैसे दुप्पट होते. तिथं मी मेलो. सुरुवातीची सगळ्यात गुणी कामं म्हणजे सामान एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवणं आणि व्यापाऱ्यांच्या तांड्याची राखण. पैसे थोडे मिळतात, पण रस्ते कळतात, गावं कळतात, कुठं काय विकतं ते कळतं. मिठाच्या खाणीच्या गावात मीठ स्वस्त, मोठ्या शहरात तेच महाग. चार पोती घेऊन निघालात तर वाटखर्च निघतो.

आणि वाटखर्च हाच खरा शत्रू आहे. रोज सकाळी पगार जातो. रोज जेवण जातं, आणि शिळं झालेलं अन्न फुकट जातं. चिलखतं दुरुस्त करायला अवजारं लागतात, जखमा भरायला औषधं लागतात, बाण लागतात. पगार थकला की माणसं नाराज होतात, आणखी थकला की एक दिवस पळून जातात. गडी चांगला झाला, पातळी वाढली, की त्याचा पगारही वाढतो. म्हणून पाच-सहा दिवसांचा पगार आणि आठवड्याचं जेवण हाताशी ठेवून मगच खरेदीला निघायचं. मी पहिल्या टोळीत सगळे पैसे एका दोन हाती तलवारीत घातले होते. तलवार फार देखणी होती. ती उचलणारा तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी निघून गेला.

बारगीर, शिलेदार आणि रिकामे टोप

मराठ्यांच्या फौजेत घोडदळाचे दोन प्रकार होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. बारगिराला ते सरकारातून मिळायचं. हा फरक ध्यानात ठेवला की गेममधलं अर्धं अर्थकारण सुटतं. तुमची सगळी माणसं बारगीर आहेत. हत्यार, ढाल, चिलखत, टोप तुमच्या टोळीच्या मालकीचं. गडी मेला तरी त्याचं चिलखत बहुतेक वेळा तुमच्याकडं राहतं (जिंकलात तर!). माणसं येतात जातात, सामान राहतं आणि साठत जातं. म्हणून पहिल्या पैशांतून सामान घ्यायचं, आणि त्यातही हत्याराच्या आधी अंगावरचं.

का ते सांगतो. गेममध्ये डोकं आणि धड वेगवेगळं मोजतात. साधारण चार घावांतला एक डोक्यावर बसतो, आणि डोक्यावरचा घाव जास्त लागतो. उघड्या डोक्याचा माणूस म्हणजे नशिबावर सोडलेला माणूस. सगळ्यात स्वस्त चामडी टोपसुद्धा एखादा घाव खाऊन जातो. मी नव्या माणसाला आधी टोप, मग ढाल, मग जमेल तसं अंगरखा-चिलखत, आणि सगळ्यात शेवटी भारी हत्यार देतो. स्वस्त भाला पुरतो. भाल्याच्या भोसकण्याला नेम लागायची शक्यता वीस टक्क्यांनी वाढून मिळते, म्हणून कच्च्या हाताच्या पोरांना भालाच द्यावा.

शत्रूकडून मिळणारं चिलखत हाही कमाईचा मोठा भाग आहे. पण शत्रूला कुऱ्हाडीनं फोडून काढलात तर त्याच्यासोबत चिलखतही फुटतं, आणि फार फुटलेलं हाती लागत नाही. इथं खंजीर उपयोगी पडतो. खंजिराचा एक वार चिलखत चुकवून सरळ अंगात जातो. नेम कमी लागतो, पण चिलखत शाबूत राहतं. चांगल्या पोशाखाचा एकटा दरोडेखोर शेवटी उरला की त्याला चौघांनी घेरायचं आणि खंजिरानं संपवायचं. ऐकायला क्रूर वाटतं, पण सुरुवातीला चांगली चिलखतं याच वाटेनं मिळतात. विकत घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील.

माणसं घेताना मोठ्या नावांना भुलू नका. भटका सरदार, जुना तलवारबाज यांचा पगार सुरुवातीच्या टोळीला पेलत नाही. शेतगडी, लाकूडतोडे, कोळी, खाटीक, मजूर ही माणसं स्वस्त, आणि त्यातले शेतगडी तर अंगानं दणकट असतात. थोडे पैसे देऊन माणसाची चाचणी घेता येते, त्यात त्याचे गुणदोष कळतात. दारुडा, भित्रा, दमेकरी असा शेरा निघाला तर परत पाठवा. पटावर वीस जण ठेवता येतात, मैदानात बारा उतरतात. आधी बारा पुरे करा. नऊ तगड्यांपेक्षा बारा साधे बरे, ते कसं ते पुढं आकड्यात दिसेल.

षटकोनी पट आणि टक्केवारी

मैदान मधाच्या पोळ्यासारखं षटकोनी घरांचं असतं. प्रत्येक घराला सहा शेजारी. तुमची माणसं खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभी राहिली, तर मधल्या माणसाच्या दोन बाजूंना आपले, पाठीमागं दोन घरं आपली, आणि समोर फक्त दोन घरं शत्रूला मोकळी. रांग मोडली की समोर तीन, चार, पाच. सगळी लढाई या मोजणीभोवती फिरते.

नेम लागायचा टक्का कसा निघतो? मारणाऱ्याचं कौशल्य वजा समोरच्याचा बचाव, ढोबळमानानं एवढंच. तो पाचाच्या खाली आणि पंचाण्णवच्या वर कधी जात नाही. म्हणजे पक्कं काहीच नाही आणि अशक्यही काही नाही. यात तीन गोष्टी मिसळतात. एकाच माणसाला एकापेक्षा जास्त जणांनी घेरलं तर प्रत्येक जादा माणसामागं पाच टक्के वाढतात. उंचावरून खाली मारलं तर दहा वाढतात, खालून वर मारलं तर दहा कमी होतात. आणि ढाल उभी धरली, म्हणजे ढालभिंत केली, तर बचाव पंधरानं वाढतो, शेजाऱ्यानंही ढालभिंत केली असेल तर त्याचे आणखी पाच.

आता हे आकडे जरा चालवून बघू. समजा एका दरोडेखोराचा तुमच्या माणसावर नेम लागायचा मूळ टक्का २५ आहे. तुमचा माणूस रांगेतून पुढं गेला आणि तिघांच्या तोंडी सापडला. घेरल्यामुळं प्रत्येकाचा टक्का ३५ झाला. तिघांपैकी एकाचा तरी घाव बसायची शक्यता साधारण ७२ टक्के. तोच माणूस रांगेत राहिला असता तर समोर दोघेच आले असते, प्रत्येकाचा टक्का ३०, आणि एक तरी घाव बसायची शक्यता ५१. त्यानं ढालभिंत केली असती तर प्रत्येकाचा १५, आणि एकूण शक्यता २८ वर आली असती. दोन्ही शेजाऱ्यांनीही ढाली उभ्या केल्या असत्या तर प्रत्येकाचा ५, म्हणजे एकूण दहाच्या आत. माणूस तोच, शत्रू तेच, पण ७२ चे १० झाले, आणि तेही उभं कुठं राहायचं आणि ढाल कधी धरायची एवढ्या निर्णयावर. भाच्याला हे वहीत मांडून दाखवलं तेव्हा तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी तुला उगीच पुढं पाठवलं होतं." होय की.

हेच उलटं करून शत्रूवर वापरा. तुमचा टक्का ६० असेल आणि चौघांनी एकालाच मारलं, तर चौघांचाही नेम चुकायची शक्यता अडीच टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून चार शत्रूंवर एकेक घाव घालत बसू नका. एकाला धरा, पाडा, मग दुसऱ्याकडं वळा. अर्धमेला शत्रू पुऱ्या ताकदीनं मारतो, मेलेला मारत नाही. आणि ७० टक्क्यांचे दोन वार ओळीनं चुकले म्हणून गेम लबाडी करतो असं म्हणू नका. दोन्ही चुकायची शक्यता नऊ टक्के असते, म्हणजे अकरा वेळा अशी जोडी टाकली तर सरासरी एकदा ते होतं. अख्ख्या लढाईची भिस्त एका वारावर ठेवली असेल, तर दोष आपलाच.

मागच्या रांगेत लांब दांड्याची हत्यारं द्या. ती दोन घरं लांब पोचतात, म्हणजे पुढच्या ढालवाल्याच्या खांद्यावरून मारता येतं. कच्ची पोरं इथं ठेवायची. मार कमी खातात, आणि शिकतात तेवढंच.

दिवाळीत बेळगावच्या गल्लीगल्लीत पोरं मातीचे किल्ले करतात, तेव्हा पहाऱ्याचे शिपाई तटावर वर ठेवतात. पोरांना जे न शिकवता कळतं ते गेमच्या मैदानात मोठी माणसं विसरतात. लढाई सुरू होताच टेकडी कुठं आहे ते बघा. येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहून खालची शेतं बघितलीत तर वरचा दहा टक्क्यांचा फायदा आपोआप समजतो.

नऊ पॉइंट, आणि दम

प्रत्येक फेरीत प्रत्येक माणसाला नऊ कृतीपॉइंट मिळतात. सपाट जमिनीवर एक पाऊल दोन पॉइंट, रानात किंवा चढावर जास्त. एक हाती हत्याराचा वार चार, दोन हाती हत्याराचा सहा. आता समोरचा दरोडेखोर एक हाती कुऱ्हाड घेऊन येतोय. दोन पावलं आणि एक वार म्हणजे आठ पॉइंट, जमतं. तीन पावलं टाकली तर सहा गेले, उरले तीन, वार होत नाही. म्हणजे तो तुमच्यापासून तीन-चार पावलांवर असेल तर धावत येऊन तुमच्यासमोर नुसता उभा राहील, आणि पहिला वार तुमचा. तोही एक नाही, एक हाती हत्यारानं दोन.

त्यामुळं पहिल्या फेरीत पुढं धावू नका. फेरी सोडून द्या. शत्रूला येऊ द्या. नव्या माणसाला ही गोष्ट फार जड जाते, बटण दाबायला हात शिवशिवतात. भालेवाल्यांना आणखी एक युक्ती आहे, भालाभिंत. जवळ येणाऱ्याला आधीच टोचून थांबवता येतं. फक्त समोर धनुर्धारी असतील तर वाट बघत बसणं परवडत नाही, तिथं पुढं सरकावंच लागतं, ढाली वर करून.

एकदा शत्रूच्या शेजारी गेलात की सहज निघता येत नाही. त्याच्या तावडीतून पाऊल मागं टाकलं की त्याला एक फुकट वार मिळतो, आणि तो बसला तर तुम्ही जागेवरच अडकता. जखमी माणसाला घाईनं मागं ओढताना मी चांगले चांगले गडी असेच गमावले. पुष्कळदा तो जिथं आहे तिथंच ढाल धरून उभा राहिला तर वाचतो.

आता दम. कुस्तीच्या मैदानात तुम्ही बघितलं असेल, पहिली पाच मिनिटं डोंगरासारखा वाटणारा पैलवान दहाव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि सडपातळ पोरगा त्याला चितपट करतो. वस्ताद पोरांकडून जोर-बैठका काढून घेतात त्या या दहाव्या मिनिटासाठी. गेममध्येही प्रत्येक कृतीला दम लागतो, आणि दर फेरीला साधारण पंधरा भरून येतो. जड चिलखत एकूण दमच कमी करतं. ढालभिंत दर फेरीला फुकट मिळणारी गोष्ट नव्हे, तिलाही बराच दम लागतो. म्हणून पाचव्या फेरीपर्यंत शत्रू उरला असेल तर आपल्या माणसांचे दमाचे पट्टे बघा. दमलेल्या माणसाला एखादी फेरी नुसता उभा करा. आणि बारीक अंगाच्या पोराला लोखंडाचं पूर्ण चिलखत चढवू नका, तो तिसऱ्या फेरीतच धापा टाकतो.

पातळी वाढली की आठ गुणांपैकी तीन वाढवता येतात. पुढच्या रांगेच्या माणसाचा हातघाईचा बचाव दर वेळी वाढवा, तो एकावेळी थोडाच वाढतो, म्हणून सुरुवातीपासूनच. दुसरा हातघाईचं कौशल्य. तिसरा जिथं कमतरता असेल तिथं, दम किंवा अंगातली ताकद. सगळं थोडं थोडं वाढवलं तर कुठल्याच कामाचा माणूस होत नाही. गुणाशेजारी तारे दिसतात, ते त्याच्या जन्मजात कलाची खूण. ज्या गुणाला दोन-तीन तारे आहेत तिथं माणूस घडवा.

धीर, आणि कोण कसा मारतो

शेजारचा गडी पडला की बाकीच्यांचा धीर खचतो. शत्रू पडला की वाढतो. धीर खचलेल्याचे आकडे कमी होतात, पार खचला की तो पळत सुटतो आणि पाठीवर वार खातो. म्हणून पहिला मृत्यू कुणाच्या बाजूचा होतो याला फार महत्त्व आहे. टोळीचं निशाण मिळालं की ते ज्याचा धीर मोठा अशा माणसाच्या हाती द्या, त्याच्या जवळपासची माणसं टिकतात. शत्रूही पळतात, आणि पळणाऱ्यांमागं सोडायला लढाऊ कुत्रं उत्तम. धनुर्धाऱ्यांवरही सोडता येतं. कुत्रं मेलं तर वाईट वाटतं, पण माणूस मेल्यापेक्षा कमी. (भाचा मान्य करत नाही.)

शत्रूंचे प्रकार पुष्कळ आहेत, सगळे इथं सांगत नाही, पण दोन-तीन गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. सांगाडे पळत नाहीत, त्यांना धीरबीर काही नाही, आणि बाण त्यांच्या हाडांतून जवळजवळ निघून जातात. तिथं बोथट, जड हत्यारं न्या. मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक मागं उभा असेल तर आधी तो, बाकी सगळं नंतर, नाहीतर पाडलेले परत उठून येतात. मुंडकं तुटलेला उठत नाही. गोब्लिन बुटके म्हणून हसू नका. विष आणि जाळी घेऊन येतात, आणि माझ्या अनुभवात पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त टोळ्या तेच खातात. तरुण ऑर्क (धिप्पाड राक्षस) धावत येऊन धडक देतात आणि तुमचा माणूस सुन्न होतो. ऑर्कची कामं सुरुवातीला सरळ नाकारा. आणि रात्री धनुर्धाऱ्यांच्या भरवशावर लढू नका, अंधारात नेम फार कमी लागतो.

साधारण ऐंशी दिवसांनंतर मुलखावर मोठं संकट येतं. सरदारांचं आपसातलं युद्ध, ऑर्क-गोब्लिनांची धाड, मेलेल्यांचा उठाव, असं काहीतरी. तोवर टोळी पुरती उभी असावी लागते. पण पहिल्यांदा खेळताना तिथवर पोचलात तरी खूप झालं, म्हणून त्याची काळजी आत्ता करू नका.

माघारीबद्दल मात्र बोलायला हवं. मैदानातून माघारीचं बटण असतं, माणसं कडेकडे पळतात. जे शत्रूला चिकटलेले नाहीत ते सहसा सुटतात. लढाई हातची गेली हे तिसऱ्या फेरीत कळलं तर आठ माणसं वाचतात, सहाव्या फेरीत कळलं तर दोन. भाच्याला हे पटवायला मला अख्खी सुट्टी लागली. "पळायचं?" असं तो प्रत्येक वेळी तोंड वाकडं करून विचारायचा. एका संध्याकाळी आईच्या कानावर ते पडलं. ती कपडे घडी घालत होती. "काय करालास गा तू," ती म्हणाली, "आठ पोरं जिवंत आणलास घरला, आणि रडालास?" त्यानंतर तो पळायला लागला.

सुट्टी संपून तो निपाणीला गेला. नव्या टोळीतही त्यानं एकाला माझं नाव दिलं होतं, यावेळी टोप घालून. मध्येच फोन यायचे. बारावा दिवस, बारा माणसं. एकविसावा दिवस, निशाण मिळालं. दोन कवट्यांचं काम नाकारलं. मिठाच्या व्यापारात पैसे झाले. मी मनातून खूश.

परवा फोन आला. त्रेचाळिसावा दिवस चालू होता, आणि आवाज जरा पडलेला. आदल्या लढाईत मी पडलो होतो, पण मेलो नव्हतो. गुडघा मात्र कायमचा मोडला. ज्या गेममध्ये माणसाला पायच नाहीत, त्यात माझा गुडघा मोडला. पातळी सातवी, पगार सगळ्यात जास्त, आणि आता नीट लढता येत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, हिशेब केला. बसत नव्हता." जरा वेळ थांबून तो म्हणाला, "मामा, तुला आज कामावरनं काढलं. पण भरपाई दिली हं."